पडवीखाली

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, हॅनकॉक.
सरोवरावरचा वारा आता विचारत नाही, शिरतो.
मी पोटावर. कपाळाला दिवा, दातांत पेन्सिल.
नाकापासून वीतभर वर पडवीच्या तुळया,
तुळयांवर फळ्या,
फळ्यांवर खुर्ची,
खुर्चीत रेनो, आणि त्याची काठी.

"लेंपी, सगळे गाळे सोळा इंची समजू नकोस. एकेक मोज."
बेचाळीस वर्षांत या माणसाने काटकोनात
काही बांधलेलं नाही, हे मला नव्याने कशाला सांगतो.
सोळाला एक सूत कमी. सोळा, वर तीन सूत.
गुलाबी फोमची पाटी सुरीखाली किंचाळते,
भुगा पापण्यांना चिकटतो.
पाटी वर दाबून बसवते, कडांना फेस मारते;
तो फुगत जातो उतू येणाऱ्या दुधासारखा,
पण थांबतो.

जिना त्याला आता चढवत नाही.
डॉक्टर म्हणाल्या, खालीच झोपवा.
खाली खोली नव्हती, पडवी होती.
कोस्कीच्या पोरांनी खिडक्या बसवल्या, भिंती भरल्या,
जमीन राहिली. इथे सरपटायला
त्यांच्यातलं कुणी मावेना. मी मावले.

पडवीला उतार असतो, पाणी बाहेर जावं म्हणून.
फुटाला दोन सूत. त्यानेच दिलेला.
काल पिशवीतून बटाटा पडला,
घराकडे पाठ करून पायरीपर्यंत गेला.
आता वर पाचरी ठोकून सपाट करायचं,
नाहीतर एखाद्या रात्री पलंगही निघेल.

तिसऱ्या गाळ्याखाली, खुर्चीच्या बरोबर खाली,
थोटकं.
फळीच्या फटीतून एकेक सोडलेली, घमेलंभर.
तीस हिवाळे मीच त्याला बाहेर काढत आले,
ओढायची तर पडवीत,
आणि मागे दार लावून घेत आले, ऊब जाते म्हणून.
तळाची पिवळी, कागद विरलेला. ती माहीत होती.
वरची पांढरी, बारीक, निळ्या पट्टीची.
ही जात दुकानात आली तेव्हा गल्ल्यावर मीच बसत होते,
आणि त्याला सोडून, म्हणे, चार वर्षं झाली होती.
चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं त्याने.
मी कॉफीबरोबर केक वाटला होता.

वर यंत्र श्वास घेतं, सोडतं.
त्यामागून, जरा उशिरा, तो.

काठी दोनदा.
"काय झालं? थांबलीस का?"
"उंदराचं घरटं."
"जुनं की नवं?"
मी दिवा फिरवते.
"दोन्ही."

बराच वेळ काठी नाही.
खुर्ची करकरते, एकदाच.
मी जमिनीवरचं प्लास्टिक पुढे ओढते,
ढिगावरून, पलीकडच्या खांबापर्यंत,
कडेला दगड ठेवते.

मग फळीला तोंड लावून बोलल्यासारखा
त्याचा आवाज:
"त्या गाळ्यात जरा घट्ट बसव.
तिथूनच लागायची थंडी."

मी पट्टी लावते.
पंधरा इंच, सहा सूत.