निमियाकडे किल्ली देताना

ही पुढच्या दाराची, ही मागच्या.
तिसरी कशाची ते मलाही ठाऊक नाही,
राहू दे जुडग्यात.

कोंबड्या तू सांभाळशीलच, निमिया.
पपईला दोन दिवस पाणी नाही मिळालं तरी ती रुसत नाही.
काळजी आहे ती याची.
ये, हात लाव. असा नाही, पालथा.
थरथर लागते? ती असू दे.
ती थांबून नुसतं टक्‌ टक्‌ वाजायला लागलं
की समज, विजेचा दाब पडलाय.
डिसेंबरात दुपारी दोनला अख्खं लांबारे
पंख्याखाली उताणं पडलेलं असतं,
याच्या वाट्याला काय उरणार?
प्लग काढ. वीज आली तरी लगेच लावू नकोस,
एक तेरेरे होईपर्यंत थांब.
घाईतला नाही,
तू आणि तुझी बहीण पिता तसा,
गुआम्पा दहादा फिरून गप्पा संपत नाहीत तो.

भिंतीपासून वीतभर पुढे आहे, तो मुद्दाम.
मागच्या जाळीवर आपली लाल माती बसते.
रस्ता डांबरी झाला, तरी बसते.
महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं झाड,
वरून खाली, हलक्या हातानं.
हिरवा ब्रश. निळा माझा, तो मी नेतेय.

दाराच्या रबराला कोमट पाणी, चिमूटभर सोडा.
घड्यांतून बोट फिरव,
तान्ह्या पोराच्या जांघा पुसतात तसं.
मग दारात कागद धरून दार लाव आणि ओढ.
अडला पाहिजे.
सहज सुटला तर रात्रभर गारवा
फरशीवर सांडतोय असं समज.
मी विजेचं बिलच धरते. बघू दे त्यालाही.

उकडलेला कसावा वाफ जाईपर्यंत बाहेर.
आत, मागे, एक बारीक भोक आहे,
त्यात कोथिंबिरीची काडी अडकते
आणि भाजीच्या खणात तळं होतं.
त्याला कोंबडीचं पीस. दुसरं काही नको.

आणि बर्फ.
बोटभर चढला की सगळं बाहेर काढ, दार सताड उघडं,
आत गरम पाण्याचं पातेलं, खाली जुनी चादर.
मग बस. आपोआप सुटतो.
सुरी लावायची नाही.
क्रिस्पिननं एकदा लावली होती, गल्लीला माहीत आहे.
फिस्स झालं, आणि तीन आठवडे
आम्ही तुझ्याकडे बर्फ मागायला येत होतो.

ब्युनोस आयर्सला सुनिल्दाकडे जो आहे
त्यात बर्फच धरत नाही म्हणे.
दोन दरवाजे, दोन दिवे, आवाज नाही.
तिसरं बाळंतपण आहे, मी जायलाच हवं.
पण रात्री पाणी प्यायला उठले
आणि स्वयंपाकघरात कोणीच कण्हत नसलं,
तर मला तिथे झोप लागेल का, कोण जाणे.

निमिया, सुरी मी लावली होती.

रविवार होता, माणसं जेवायला यायची होती,
ट्रे निघेना, मी घातली आणि पिरगाळली.
दुसऱ्या दिवशी दोन एलिहियो आला हत्यारांची पेटी घेऊन,
भोकाकडे बघितलं, म्हणाला, कोणी केला हा पराक्रम?
मी कढईकडे बघत राहिले.
क्रिस्पिन म्हणाला, मी.
एलिहियो हसला, मग दुकानात सांगितलं,
मग सगळे हसले, अकरा वर्षं.
बर्फ फोडायला कुणी सुरी घेतली
की त्याच्याकडे बघून डोळा मारायचे.
तो ब्र काढायचा नाही.
घरी आम्ही दोघं असतानासुद्धा नाही.
मी वाट बघत होते, एकदा तरी बोलेल,
मग मी रडेन, मग संपेल.
तो फक्त दर दोन महिन्यांनी
पातेल्यात पाणी तापवायचा
आणि मला हाक मारायचा, ये, बसू.

तू कुणाला सांगू नकोस.
नाही, सांग.
मी सीमेपलीकडे गेले की मग सांग.

तर खाली एक पसरट ताट आहे, विसरशील,
त्यात पाणी साठतं, डास होतात.
गुरुवारी काढ.
पपईला ओत.