कच्चा रंग

पहाटे साडेपाचला
परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
दक्षिण अमेरिका उजाडते.
तिकडे अजून कालची रात्रच चालू आहे, हे सांगतात,
आणि आवाज एकवर ठेवून
खुर्ची टीव्हीला इतकी चिकटवून बसतात
की त्यांच्या टकलावर हिरवं मैदान हलताना
मला ओट्यापासून दिसतं.

ब्राझील नाही, अर्जेंटिना नाही.
ती गल्लीतल्या पोरांनी कधीच वाटून घेतलीत,
पिवळी चौकात, निळी-पांढरी चक्कीपलीकडे,
आणि मधला टपरीवाला कमलेश
दोघांनाही उधार देतो.
ह्यांचं व्हेनेझुएला.
ज्यांनी हा कोपा अमेरिका
एकदाही घरी नेलेला नाही.
का, तर रंग.
आमसुलं भिजवल्यावर पाणी होतं, तसा मरून.
आमच्या मिलच्या टीमचा हाच होता.

हे लेफ्ट बॅक. पाठीवर तीन नंबर.
कापड मिलचं, शिलाई मिलच्या पैशांनी,
आकडा तेवढा मी शिवलेला.
लग्नाला दोन महिने झाले होते
आणि सुईनं तीन कसा वळवायचा कळेना,
लांबून आठच वाटायचा.
पहिल्याच धुण्यात रंग गेला.
सासऱ्यांची सगळी धोतरं गुलाबी.
ती नेसून ते महिनाभर
मिलच्या गेट मीटिंगला उभे राहिले.
कुणी हसलं नाही. युनियनचे खजिनदार होते.

मग मिल बंद पडली.
ते सगळं सांगत बसत नाही.
कोर्टाच्या तारखा मी कॅलेंडरवर
दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायचे,
दूध दीड, तारीख,
दूध एक, तारीख,
नुसती तारीख.
तीस वर्षांवर गेलं, तेव्हा पैसे आले.
त्यातून ह्यांची कवळी झाली, हा टीव्ही झाला,
बाकीचे कशात गेले
ते आम्हा दोघांनाही नीट सांगता येत नाही.

आज पेनल्ट्यांवर गेलं.
समोर कोण होतं विसरले,
पांढऱ्या कपड्यांतलं कुणीतरी.
हे उठून उभे, एका हातानं गुडघा धरून,
"त्याच्या तोंडाकडे नको बघू रे, पायाकडे बघ,"
असं त्या गोलकीपरला मराठीतून.
तेवढ्यात कचऱ्याची गाडी
आपलं गाणं वाजवत गल्लीत शिरली.
ओला डबा, सुका डबा घेऊन मी जिन्यात,
कान वरती.
वरून काहीच नाही.
म्हणजे कळलंच.
गाडीवरची पोरगी म्हणाली,
"आंटी, सूखे में गीला डाल दिया."

परत येईतो टीव्ही बंद.
शेवटच्यानं वरून मारला, हे म्हणाले.
त्याचं काही चुकलं नाही, म्हणाले.
मग बराच वेळ
कवळीचा डबा उघडझाप करत बसले.
मग म्हणाले,
"ती जर्सी आहे ना गं ट्रंकेत?"

नाही.
चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तिचा पोछा झाला.
बाह्या आधी वेगळ्या काढल्या,
त्यांनी मी स्टोव्ह पुसायचे.
तीन नंबर उसवला,
दोरा चांगला होता,
पोराच्या दप्तराचा पट्टा त्यानं शिवला,
तो दहावीपर्यंत टिकला.
वर्षभर मी ह्यांच्यासमोर त्या पोछानं फरशी पुसली,
हे पाय वर घ्यायचे
आणि पुन्हा खाली ठेवायचे.
तेव्हा ह्यांना फरशी दिसत नव्हती.

"आहे," म्हणते मी.
"तळाशी, सतरंजीखाली.
पण काढू नका आता.
सगळ्याला रंग लागेल."