पिंजापूरचा भूगोल

पुस्तकाला पन्नास वर्षं झाली म्हणून
रामबागेतल्या शाळेने मला बोलावलं.
स्टेजवर थर्माकोलचा बर्फ,
फळ्यावर रंगीत खडूने : पिंजापूरची सफर.
हार घालून घेतला. चौथीच्या धड्यातली चिमी मीच,
एवढंच माझं ओळखपत्र.
वय अडुसष्ट, गुडघे दोन्ही गेलेले.

आधी एक बाई बोलल्या, याच पुस्तकावर पीएच.डी. केलेल्या.
म्हणाल्या, पिंजापुरात बारा महिने पडणारा बर्फ
हे निरागसतेचं प्रतीक आहे.
मी मान डोलावली.
इंदुरात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गोणपाटात.
आबा तिसरी पाळी करून यायचे ते भुवयांसकट पांढरे,
मिशीत कापूस, कानाच्या पाळीवर, डब्याच्या कडीला.
पिंजणखात्यात तो वरून पडतो. पडतच राहतो.
मी विचारलं, कुठे गेला होतात?
दम खात खात त्यांच्या तोंडून अर्धाच शब्द निघाला.
पुढचं 'पूर' मी लावलं.

नदीचंही तसंच. पुस्तकात ती राजकन्येच्या मनासारखी,
सोमवारी हिरवी, मंगळवारी लाल.
आम्ही खानच्या काठावर पैजा लावायचो,
आज रंगखात्यात कुठलं थान लागलंय.
म्हैस उतरली की निळी होऊन निघायची.
तीही आहे पुस्तकात, पान तेवीस.
फक्त तिथे ती मरत नाही.

बिल्लोबा राक्षस फाटकाशी बसून नावं खातो,
बदल्यात पितळेचा आकडा देतो.
त्याला घाबरू नका रे, तो आमच्याच चाळीत राहायचा,
घोरपडे टाइमकीपर. मला पेपरमिंट द्यायचा.

आणि खुक्या पक्षी, छातीत घरटं करणारा.
रात्री तो काड्या हलवतो, म्हणून आवाज येतो.
पोरांना हाच सगळ्यात आवडतो,
दर स्नेहसंमेलनात कुणीतरी खुक्या होतो,
खोकतो, टाळ्या घेतो.
शेवटच्या प्रकरणात तो पहाटे उडून जातो.
मी खोलीत होते.
खिडकी आईने उघडली, एवढं खरं आहे.

बाई म्हणाल्या, त्या जगात काळच नाही,
भोंगा नाही, घड्याळ नाही, सोमवारसुद्धा नदीपुरता.
बरोबर. त्या वर्षी सात महिने फाटकाला टाळं होतं.
आबा दिवसभर घरी.
पिंजापूर वसलं ते तेव्हा, रोज एक गल्ली,
संध्याकाळी जेवणवेळेला तर फार भराभर.
'तिथे कुणालाच भूक लागत नाही.'
हे वाक्य तुम्हाला पाठ आहे,
सहामाहीला गाळलेल्या जागेत येतं.
ते कितव्या दिवशी सांगितलं, ते मला पाठ आहे.

हे काहीच मी बोलले नाही.
मी म्हटलं, आबा फार गमतीदार होते.
तेही खरंच.

मग तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला,
शर्टाचं एक बटण चुकलेलं :
भूक लागत नाही, तर पान चाळीसवर
घरातून धूर कसा येतोय?

हॉल हसला. बाईंनी पान उलटून पाहिलं.
पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
खजुरी बाजारातल्या बोकिलांनी साठ रुपयांत वही घेतली
तेव्हा आईने दुसरं काही मागितलं नाही,
चित्रकाराकडून तेवढा धूर काढून घेतला.
सात महिने ती रोज सहाला चूल पेटवायची,
वर आधण. आधणात काही नाही.
पण कौलांवरून धूर गेला पाहिजे,
समोरच्या भागीरथीबाईंना दिसला पाहिजे.

मी चष्मा पुसला.
म्हटलं, चहा ठेवला असेल रे.
'नुसता?'
हो, म्हटलं. नुसता.