रकाना क्रमांक नऊ

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही.
स्टेशनावरचा रिक्षावाला तुमचा खोकला ऐकतो
आणि कुठल्या गल्लीत वळायचं ते ठरवून टाकतो.
मी आजारी नव्हते.
मी रेसिडेंट, दुसरं वर्ष.
प्रबंधाचा विषय: रुग्णांच्या नोंदींतून
माणसाची ओळख काढून टाकणे,
म्हणजे मग त्या संशोधनाला कोणालाही देता येतात.

गाइड मॅडम म्हणाल्या, सोपं आहे गं.
नाव काढ. फोन काढ. आधारचे आकडे काढ.
बाकी राहू दे.

चार हजार एकशे बारा छात्या.
(दुसऱ्या वर्षापर्यंत भाषा अशीच होते आमची.)

संगणकाला पासवर्ड होता,
आणि तो पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला,
बंडगर सिस्टरांच्या सुवाच्य अक्षरात.
खाली एक ओळ: कोणास सांगू नये.

रात्री दीड वाजता, ओळ दोन हजार दोनशे सात.
पुरुष. एकसष्ट. मिरज.
धाप, सहा वर्षं. विडी नाही. तंबाखू नाही.
रकाना नऊ, व्यवसाय: सतारीचे भोपळे कोरणे.

माझा हात थांबला.
देश केवढा मोठा, पण
विडी न ओढणारे, एकसष्ट वर्षांचे,
भोपळे कोरता कोरता धाप लागलेले
किती असतील?
एक.
त्याच्या दुकानावरून मी रोज मेसला जाते.

घोडीवर कानस फिरवून तो जवारी काढतो,
मग भुसा उडवायला फुंकर मारतो.
पूर्वी एक पुरायची. आता तीन लागतात.
त्या फुंकरीचा आकडा मला माहीत झालाय,
लिटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत.
आणि रकाना सतरा: घरी सांगितले आहे का?
नाही.

"डॉक्टरीणबाई, आज उशीर?"
मी चपलेचा बंद बघत पुढे गेले.

रकाना नऊमध्ये 'कारागीर' लिहिलं.
तरी तो दिसत होता.
'मजूर' लिहिलं. थोडा पुसट झाला.
'इतर' लिहिलं आणि तो गेला,
पण त्याच्याबरोबर ती पिवळी, हलकी भुकटीही गेली
जी वाळलेल्या भोपळ्याच्या पोटातून निघते
आणि जिच्यासाठीच तर ही ओळ कोणीतरी कधीतरी वाचायला हवी.

समितीपुढे मी तक्ते दाखवले.
संख्याशास्त्राचे कोळेकर सर म्हणाले, एका ओळीने काय होतंय.
चहा आला. बैठक पुढच्या महिन्यावर गेली.

बंडगर सिस्टर जिन्यात म्हणाल्या,
"त्याला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.
सहीच्या अर्जात ते सगळं असतंच, बारीक अक्षरात.

मग एका दुपारी दुकानात जाऊन बसले.
त्याने कानस खाली ठेवली नाही.
"म्हणजे नाव नसणार, पण मी असणार?"
हो.
"मग मिरज काढा."
मिरज काढते.
तो हसला, हसताना खोकला, परत हसला.
"भोपळा ठेवला की मिरज आलीच की हो."
मग बराच वेळ नुसता घासत होता.
तार छेडायचा, ऐकायचा, मान हलवायचा.
"जास्त घासली तर गेली. कमी घासली तर बोलत नाही."
हे तो सतारीबद्दल बोलत होता.
मी त्याचं काही करायला जाणार नाही.

"भुकटीचं लिहा," शेवटी म्हणाला. "पोरं शिकतील.
फक्त हिला कळू देऊ नका. कानस लपवून ठेवेल."

प्रबंध गेला. रकाना नऊ: भुकटीचं काम.
पासवर्डची चिठ्ठी मी काढून टाकली.
सिस्टरांनी परत लावली, या वेळी लॅमिनेट करून.

आणि हे तुमच्यासाठी लिहिताना
वय बदललंय, ओळीचा क्रमांकही.
आणखी एक गोष्ट बदलली आहे, ती सांगणार नाही.
कदाचित तो भोपळे कोरतच नसेल.