पत्ता

मलूनं कानडीच्या वहीचं पान फाडून
मागच्या बाजूला पत्ता लिहून दिला. मराठीत.
म्हणाली, पाटी कानडीत आहे, पप्पा,
आणि तुम्हाला कानडीतलं फक्त बारचं नाव वाचता येतं.
रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

तिची आई कणकुंबीला, माहेरी,
दिवाळीपासून.

उद्यमबागेतनं पाळी सुटली.
नखांत साच्याची काळी वाळू,
खिशात ते पान, घामानं मऊ झालेलं.
दुसऱ्या गेटाला फाटक पडलेलं होतं,
मिरजेची गाडी लेट.
आणि फाटकाला लागूनच ते दुकान,
जिथं माझी उधारी माझ्या नावानं नाही,
'फौंड्री' एवढंच लिहून आहे.
गल्ल्यावरच्या पोरानं मला बघितलं
आणि न विचारता हात खाली नेला.
तो हात वर येईपर्यंत
मालगाडीच गेली आधी, अठ्ठेचाळीस डबे.
मी मोजले. एकही सोडला नाही.
फाटक उघडलं तसा सायकल ढकलत सुटलो,
मागनं तो हाक मारत होता, ओ फौंड्री.

पुढं विचारायचं तरी कसं?
दारू सोडायची मीटिंग कुठं हो, असं भर चौकात?
पानवाल्याला म्हटलं, चर्चची शाळा हुडकालोय.
तो म्हणाला, कुणाचं ॲडमिशन?
म्हटलं, माझंच.
तो हसला. चुना लावता लावता
बोटानं बोळ दाखवला.

बोळातनं तीनदा पुढं गेलो.
एकदा कुत्रं भुंकलं म्हणून,
एकदा ओळखीची लुना दिसली म्हणून,
एकदा काहीच नव्हतं तरी.
चौथ्यांदा दारातनं एक म्हातारा म्हणाला,
"आत या की. चहा निवालाय."
इनास त्यांचं नाव, खानापूरचे, सुतार.
माझं त्यांनी विचारलं नाही.

दुसरीच्या पोरांचे बाक.
गुडघे हनुवटीला लागतात, पाठ आपोआप वाकते.
फळ्यावर कुणाचीतरी वजाबाकी तशीच राहिलेली.
सात जण. एक बाई, तोंडावर पदर,
शहापुरातल्या मागावरची असावी,
बोटं बोलताना सूत ओढल्यासारखी हलत होती.
शेजारी बसलिंगप्पा, रिटायर कंडक्टर.
नोव्हेंबरातल्या त्या दिवशी
हा त्या मोर्चात, मी ह्या मोर्चात,
दोघंही तर्र,
एकमेकांवर दगड टाकले असतील, काय सांगावं.
आता तो माझ्या कपात बशीतला चहा परत ओततो,
सांडला होता माझ्या हातनं. हात थरथरत होते.

तो कानडीत सांगत होता.
शेवटची बस, सौंदत्तीचा रस्ता, तिकिटाची पेटी,
इतकं लागलं मला.
मग 'मगळ' म्हणाला आणि थांबला.
मुलगी. तेवढी कानडी मला येते.
कुणी खाकरलं नाही. इनास खाली बघत
कपाचा कान पुसत राहिले.

माझी पाळी आली.
साच्यात ओल राहिली की
ओतलेला रस उसळून अंगावर येतो,
वीस वर्षं हेच सांभाळलं हातांनी,
भाजल्याचे डाग मोजून दाखवीन.
इथं मात्र घशात सगळीच ओल.
म्हटलं, मी भरमा. मी पितो.
"आज?" इनासनी विचारलं.
आज... नाही.
"मग आजचंच सांगा. बाकीचं कुणी मागितलंय?"
बसलिंगप्पानं मान हलवली,
"इवत्तिन दिवस," म्हणाला.
त्यातला दिवस आमचाही तोच.

घरी आलो तेव्हा मलू भाकरी थापत होती.
वळली नाही. "सापडलं?"
सापडलं.
"मग ते पान द्या, बाईंना दाखवायचंय."
मी पान उलटं केलं.
तिचं शुद्धलेखन, लाल शाई,
दहापैकी सहा.
म्हटलं, राहू दे माझ्याकडं,
बाईंना सांग, पप्पांनी घेतलंय.
बुधवारी परत लागेल.
ती थापायची थांबली.
भाकरी तव्यावर करपायला लागली
तरी दोघांनाही लगेच कळलं नाही.