शेरा

सेक्रेटरींनी फोटो पाठवला,
सातव्या मजल्यावरून, खाडीच्या बाजूचा.
गणपती नुकतेच गेलेले, सगळीकडे हिरवं,
आणि तिवरं मात्र तपकिरी,
उन्हात विसरलेल्या पोत्यासारखी.
खाली लिहिलेलं: कुणीतरी विष घातलंय मॅडम, बघा जरा.

गेले. ऐरोलीला दिवा कोळीवाड्यातून
हिराजी मढवींच्या होडीत.
ओहोटी लागली होती.
आधी ऐकू आलं:
चिखलावर बारीक, कोरडी टपटप,
आभाळात ढग नसताना.
हिराजींनी तळहात पुढे धरला.
खसखशीएवढे काळे दाणे. लेंड्या.
वर लाखो तोंडं एकाच वेळी पान चघळत होती
आणि पान दुसऱ्या टोकातून खाडीला परत मिळत होतं.
खेकडे बिळांच्या दारात बसलेले,
पहिल्या पंगतीला जागा धरल्यासारखे.

"मेली नाय गो बाय," हिराजी म्हणाले,
"खाल्लीन निस्ती."

एक अळी बोटावर घेतली.
ही पानाची कड दुमडते, रेशमानं टाचते,
दिवसभर त्या घडीत पडून राहते
आणि अंधार झाला की जेवायला बाहेर येते.
रात्रपाळी.

बाबाही रात्रपाळीचे.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत
एकवीस वर्षं कीटकनाशकाचे ड्रम भरले त्यांनी.
सदऱ्याचा वास तीन धुण्यांनी जायचा नाही.
आमच्याकडे साखरेचा डबा उघडा राहिला
तरी मुंगी फिरकायची नाही,
आणि शेजारणी आईला म्हणायच्या,
सुटलीस बाई तू.

आता त्याच घरात
पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांना सुईनं भोकं पाडून
मी अळ्या वाढवते.
येऊरहून सागाचं कोवळं पान आणून पुढे ठेवलं.
पुस्तकं म्हणतात, हीच जात सागाचीही चाळण करते.
माझ्या अळ्या त्या पानावरून चालत गेल्या
आणि कोपऱ्यातलं कालचं, सुकलेलं
तिवराचं पान शोधून बसल्या.
तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागतं.
खाल्ल्या मिठाला जागल्या म्हणायचं का याला?
हे मी बाबांसमोर बोलले नाही.

ते रोज खोक्यात डोकावायचे.
"किती मेल्या?"
"तीन."
"आणि बाकीच्या?"
"कोशात."
हं, म्हणायचे, आणि पेपर उघडायचे.

रात्री अडीचला त्यांना अजून जाग येते.
त्या रात्री मला हलवून म्हणाले,
"एकजण बाहेर आलाय. झाकण मीच काढलं."
पतंग त्यांच्या बाहीवर लोंबकळत होता,
पंख ओले, चुरगळलेले, न वापरलेल्या पॅराशूटसारखे.
हळूहळू भरले.
वरचे दोन वाळक्या पानाचे,
आणि त्यांच्या आड, कुणाला दाखवायचे नसल्यासारखे,
नारिंगी.
पाऊण तास बाबांनी हात हलवला नाही.
जाताना त्यानं बाहीवर एक तांबूस थेंब टाकला,
कोशात साठलेला मळ टाकतात तसा.
आईनं सकाळी सदरा दोनदा धुतला.
डाग आहे.

अहवालात रकाने असतात.
नुकसान: पाने, अंदाजे नव्वद टक्के.
कारण: पतंगाची अळी.
उपाय या रकान्यात मी बराच वेळ काही लिहिलं नाही,
मग लिहिलं: काही करू नये. वाट पाहावी.

सेक्रेटरींचा फोन आला.
"काहीच नाही? फवारणीचं कोटेशन आलंय हो.
मीटिंगमध्ये काय सांगू मी लोकांना?"
मी म्हटलं, फोटो पाठवत राहा,
त्याच खिडकीतून, रोज एक.

चौथ्या दिवशी तपकिरी.
नवव्या दिवशी तपकिरीच, वर बगळे जरा जास्त.
अकराव्या दिवशी फांद्यांच्या टोकांना काहीतरी,
की कॅमेऱ्याची काच पुसली असेल.

बाराव्या दिवसापासून फोटो आलेच नाहीत.