वधूपक्ष

कुर्डुवाडीहून पहाटेची गाडी.
डब्यात चपात्या, शेंगदाण्याची चटणी,
फाइलीत माझी कथा, अकरा पानं,
वरून प्लॅस्टिकची पिशवी, तेल लागायला नको म्हणून.
समोरच्या बाईनं विचारलं, कुणाचं लग्न?
म्हटलं, संमेलनाला निघालेय. विज्ञानकथांच्या.
तिनं समजून मान हलवली,
"गुण येतो का हो? आमच्या जाऊबाईंचेपण गुडघे गेलेत."
मी म्हटलं, बघू.

सांगोला गेलं. ढालगाव गेलं.
माळावर पवनचक्क्या, चार फिरतायत, एक रुसलेली.
कवठेमहांकाळच्या अलीकडं बेदाण्याची शेडं,
हिरव्या जाळ्या लावलेली, लांबच लांब,
आत माणूस दिसेना, बाहेर एक पाण्याची टाकी.
मी वसाहत लिहिली होती काचेच्या घुमटांची.
दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासते,
तिथूनच आले असतील घुमट.
खोडून जाळी लिहावंसं वाटलं,
पण पेन वरच्या बॅगेत, आणि बॅगेवर कुणाचं तरी पोतं.

मिरजेला उतरून वडाप.
सांगलीत हळद आधी नाकात येते,
मग गाव येतं.

गावभागातलं मंगल कार्यालय.
फाटकाशी सन्मती आवटी, स्वयंसेवक,
हातात यादी, कानामागं पेन्सिल.
"कुंदन खरटमल? या सर…" म्हणाला,
वर बघितलं आणि गप्प झाला.
वरपक्षाची किल्ली परत खिळ्याला अडकवली,
वधूपक्षाची काढून दिली.
बिल्ल्यावर न खोडायला पेन्सिलनं जमेना,
तेव्हा त्यानं नखानं खरवडला.
आता मी कुंदा आहे, शेजारी एक पांढरा ओरखडा.

अंगणात रॉकेट आडवं पडलंय.
गणपतीची मखरं करणारे मांडववाले आहेत,
त्यांनी सवयीनं त्याला दोन्हीकडून कमळं काढलीत.
टोक दारातून आत जात नाही.
उद्या उद्घाटन,
आज सगळे थर्माकोलला तिरकं धरून बघतायत.

वधूपक्षात आरशाला टिकल्या चिकटलेल्या,
कुठल्या कुठल्या नवऱ्यांच्या मुलींच्या.
एका खाटेवर रेहाना मुलाणी, जतच्या शिक्षिका,
आधीच साडीची दोरी बांधून टॉवेल वाळत घातलेला,
आल्या आल्या बादली भरून ठेवलेली,
वर ताट झाकलेलं.
"नळाला पाणी आहे हो," मी म्हटलं.
"असू दे," म्हणाल्या, "सवय."
त्यांची कथा एका चंद्रावरची,
बर्फ फोडला की खाली समुद्र.
सहा वर्षं लिहितायत. अजून बर्फच फोडतायत.

भिंतीवर निळी रेघ, स्विचबोर्डाच्या वर हातभर,
खाली लिहिलेलं, ऑगस्ट २०१९.
चहा घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, हे काय?
"पाणी," म्हणाला, आणि कप मोजून ठेवले.
रेहानाबाई खाटेवर चढल्या.
हात वर केला. टाचा उचलल्या.
बोटं रेघेला लागली तशा तिथंच राहिल्या,
एकाच जिल्ह्यातल्या, म्हणाल्या, आम्ही.
आमच्याकडं टँकर चार दिवसांआड.
मग उतरल्या, चहा प्याल्या, वही काढली.

मी चादर पसरली. चपला खाटेखाली.
अकरा पानं उशाखाली, चष्मा वर.
उद्या किती वाजता माझा नंबर, कुणालाच माहीत नाही,
सन्मती म्हणतो, जेवणाआधी किंवा नंतर.

रात्री वीज गेली.
खिडकीतून पाहिलं तर रॉकेटमध्ये कुत्रं झोपलेलं,
शेपूट तेवढी बाहेर.
अंधारात रेहानाबाईंची पेन्सिल चालूच,
मध्येच थांबून त्यांनी विचारलं,
"पुराच्या पाण्याला वास कसला येतो हो?"
मला काय माहीत, मी कुर्डुवाडीची.
सकाळी त्या म्हाताऱ्याला विचारू म्हटलं.
पाच वाजता गरम पाणी येतं, एकच बंब आहे.
आधी कोण उठणार, तेवढं ठरवलं.